श्रोत्यांसमोर भयश्रुतिका : पहिल्या प्रयोगाची तयारी

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत नभोनाट्य, श्रुतिका हे शब्द मराठी घरांत इतके रुळले की, केवळ कानांनी नाटक अनुभवायचे ही कल्पना आपल्याला कधी परकी वाटली नाही. स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेली श्रुतिका आणि श्रोत्यांसमोर सादर होणारी श्रुतिका यांत मात्र मोठा फरक आहे. स्टुडिओत चुकलेले वाक्य पुन्हा घेता येते, दाराची करकर नंतर जोडता येते. सभागृहात जे होईल ते त्याच क्षणी होते. याचा भयकथेला फार मोठा लाभ मिळतो, कारण साठ-सत्तर माणसे अंधारात एकाच वेळी श्वास रोखतात, तेव्हा त्यांची भीती एकमेकांना लागते. तो लाभ पदरात पाडून घेण्यासाठी तयारी मात्र काटेकोर लागते.

पहिल्या प्रयोगासाठी पंचवीस मिनिटांची संहिता, तीन अभिनेते, ध्वनिसंकेतांसाठी एक व्यक्ती, मिक्सरवर, म्हणजे सगळ्या आवाजांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, एक व्यक्ती आणि सत्तरच्या आसपास खुर्च्यांचे सभागृह एवढा पसारा पुरेसा आहे. आमच्या गटाने पहिली भयश्रुतिका एका वाचनालयाच्या सभागृहात केली. आजोबांना जाऊन दहा दिवस झालेल्या घरातली ती एका रात्रीची गोष्ट होती. आजोबांची कोल्हापुरी वहाण चालताना करकरत असे, आणि त्या रात्री ती करकर पुन्हा ऐकू येते, एवढेच तिचे कथानक. पुढील विवेचनात मी तिचेच उदाहरण वारंवार घेणार आहे.

गोष्ट निवडताना

बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी प्रसारित केलेले एक नाटक खास नभोवाणीसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून ओळखले जाते. त्याचे स्थळ आहे कोळशाची खाण, आणि तेथले दिवे गेलेले आहेत. पात्रांनाच काही दिसत नाही, त्यामुळे श्रोत्यांना काही दिसत नाही ही उणीव उरत नाही. दोघेही एकाच अंधारात असतात. भयश्रुतिकेची गोष्ट निवडताना हीच कसोटी लावावी. वीज गेलेले घर, धुक्यातला घाट, पलीकडून कडी लावलेली खोली, फोनवरचा अनोळखी आवाज अशा प्रसंगांत पात्रेही ऐकूनच अंदाज बांधतात. याउलट ज्या कथेचे भय एखाद्या चेहऱ्याच्या वर्णनावर किंवा भिंतीवरच्या सावलीवर उभे आहे, ती वाचायला कितीही चांगली असली तरी पहिल्या प्रयोगासाठी बाजूला ठेवावी.

पात्रे तीनच ठेवावीत आणि त्यांचे आवाज वय, पट्टी व बोलण्याची लय या तिन्ही बाबतींत वेगळे असावेत. दोन तरुण स्त्रियांचे आवाज सारखे असतील, तर तिसऱ्या मिनिटाला श्रोता भीती विसरून कोण बोलले याचा हिशेब करत बसतो.

दुसऱ्याची कथा घेणार असाल, तर लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी आधी मिळवावी. भारतात साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे राहतात. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. त्याला वेळ लागत असल्याने हे काम तालमींच्या आधीच हाती घ्यावे. प्रयोग अंगणात किंवा गच्चीवर असेल, तर ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्यावी आणि रात्री १० च्या आत कार्यक्रम संपवावा, कारण रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे.

कानासाठी संहिता

भयश्रुतिका लिहिताना सर्वांत जास्त कष्ट शेवटच्या धक्क्यावर घेतले जातात. माझ्या मते ते पहिल्या पाच मिनिटांवर घ्यायला हवेत. घरात काहीतरी वावगे घडते आहे हे श्रोत्याला कळायचे असेल, तर त्या घरात एरवी काय ऐकू येते हे त्याला आधी ठाऊक असले पाहिजे. म्हणून सुरुवातीला घर कानांनी उभे करावे: रातकिडे, लांबचे एखादे कुत्रे, झोपाळ्याच्या कड्या, फुलपात्र ठेवल्याचा आवाज. आमच्या संहितेत पहिला प्रसंग आजोबा हयात असतानाचा होता. त्यात ते दोनदा पडवीतून माजघरात येतात, वहाण करकरते, आणि आजी म्हणते, ‘अहो, ती वहाण बाहेर काढून या म्हणून किती वेळा सांगायचं?’ एवढ्याने करकर म्हणजे आजोबा हे समीकरण श्रोत्याच्या मनात पक्के झाले आणि पुढे त्याचा उच्चारही करावा लागला नाही. त्यानंतरच्या रात्रीचा भाग असा होता :

नात : आजी, झोपलीस का गं?
आजी : नाही गं बाई. झोप कुठली यायला.
(रातकिडे. लांब कुत्रे एकदाच भुंकते.)
नात : पडवीचं दार लावलंयस ना?
आजी : लावलंय की. कडी घातली मी स्वतः.
(रातकिडे थांबतात. तीन अंक मोजेपर्यंत काहीही नाही. वहाणेची एक करकर.)
आजी : ...झोप तू.

या उताऱ्यात ‘कोणीतरी चालतंय’ असे एकही पात्र म्हणत नाही. पहिल्या मसुद्यात नात म्हणत होती, ‘आजी, आजोबांच्या वहाणेचा आवाज येतोय!’ ते वाक्य काढल्यावर प्रसंग उभा राहिला, कारण आता आजीला कळले आहे, श्रोत्याला कळले आहे आणि एकट्या नातीला कळलेले नाही. ध्वनीने सांगितलेली गोष्ट संवादाने पुन्हा सांगू नये. जेथे ध्वनी एकटा पुरत नाही, तेथे पात्राला त्याचे नाव न घेता त्यावर प्रतिक्रिया देऊ द्यावी.

रातकिडे थांबणे हा संकेत निसर्गातूनच घेतलेला आहे. जवळ पाऊल वाजले की रातकिडे गप्प होतात, हे खेड्यात राहिलेल्या माणसाला ठाऊक असते. ज्याला ठाऊक नसते, त्यालाही ती अचानक आलेली शांतता अस्वस्थ करते. आपल्याकडे अशा आवाजांचा मोठा साठा आहे. रात्री ओरडणारी टिटवी, चुकचुकणारी पाल, विहिरीचा रहाट, उंबरठ्याला लागलेली काठी यांच्याशी मराठी माणसाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्यांचे अर्थ जोडलेले आहेत. पैंजणांचा छुमछुम आवाज आणि कोल्हेकुई मात्र टाळावी. ती इतकी वापरली गेली आहे की, ऐकणाऱ्याला आता पुढचे आधीच कळते.

संहितेची मांडणी दोन स्तंभांत करावी. उजवीकडे संवाद, डावीकडे ध्वनिसंकेत. प्रत्येक संकेताला क्रमांक द्यावा आणि तो कोणत्या शब्दावर सुरू होतो व कोणत्या शब्दावर संपतो हे लिहावे. ‘वाऱ्याचा आवाज’ एवढे लिहून भागत नाही. ‘कडी या शब्दावर वारा सुरू, आजीच्या श्वासापर्यंत हळूहळू बंद’ असे लिहावे.

ध्वनीचे टेबल

पाऊस, रातकिडे, लांबचे ढग यांसारखे सतत चालणारे आवाज आधी मुद्रित करून मिक्सरवरून सोडावेत. पाऊल, दार, भांडी, कापड यांसारखे माणसाच्या हालचालीशी बांधलेले आवाज मात्र त्याच क्षणी, हातानेच करावेत, कारण अभिनेता प्रत्येक प्रयोगात थोडा वेगळा थांबतो आणि मुद्रित पाऊल त्याच्यासाठी थांबत नाही.

टेबलावर जुनी घोंगडी किंवा जाड टॉवेल अंथरावा, म्हणजे वस्तू ठेवताना खट्‌ आवाज होणार नाही. वस्तू संहितेतील क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडाव्यात आणि वापरलेली वस्तू पुन्हा जागेवर न ठेवता खाली ठेवलेल्या टोपलीत, कापडावर सोडावी. त्यामुळे पुढची वस्तू नेहमी हाताशी राहते. सुपात सावकाश घोळवलेले तांदूळ कौलांवरच्या पावसासारखे वाजतात. सेलोफेनचा कागद माइकजवळ चुरगळला की चुलीतला जाळ होतो. छत्री झटक्याने उघडून मिटली की मोठ्या पंखांची फडफड ऐकू येते. टांगलेला पातळ पत्रा हलवून विजांचा गडगडाट करण्याची रीत रंगभूमीवर फार जुनी आहे. हाड मोडल्याचा आवाज हवा असेल, तर ताजे, कडक गाजर ओल्या फडक्यात गुंडाळून पिळत मोडावे. नुसते मोडलेले गाजर गाजरासारखेच वाजते, ओल्या फडक्यामुळे त्यात मांसलपणा येतो.

पावलांसाठी दोन-तीन पृष्ठभाग तयार ठेवावेत : एक लाकडी फळी, एक शहाबादी फरशीचा तुकडा आणि वाळू व सुकी पाने भरलेले घमेले. पावले शक्यतो पायांनीच वाजवावीत, कारण हातात धरलेल्या चपलेला माणसाचे वजन मिळत नाही. वहाणेची करकर मात्र याला अपवाद. ती माइकपासून चार बोटांवर, दोन्ही हातांनी तळवा सावकाश वाकवून काढावी लागते, आणि ‘सावकाश’ हाच शब्द येथे महत्त्वाचा आहे. तळवा झटकन वाकवला की नुसता ‘चट्‌’ असा आवाज येतो. तोच एक-दीड सेकंद घेऊन वाकवला, तर करकर सुरू होते, मध्ये अडखळते आणि पुन्हा पुढे सरकते. जणू पाऊल टाकणाऱ्याने वजन अर्धे टाकून ऐकले आणि मग उरलेले टाकले. श्रोते घाबरतात ते त्या अडखळण्याला.

आमचा प्रयोग जुलैत होता. रंगीत तालमीच्या दिवशी पिशवीतून काढलेली वहाण वाकवली, तर तिच्यातून काहीही आवाज येईना. चार दिवसांच्या पावसाने चामडे सादळले होते. ती रात्रभर स्वयंपाकघरात उबेला ठेवावी लागली, तेव्हा प्रयोगाच्या सकाळी आवाज परतला. तेव्हापासून मी प्रत्येक महत्त्वाच्या ध्वनीसाठी दोन वस्तू ठेवतो आणि चामडे, लाकूड, कागद यांची चाचणी प्रयोगाच्या जागी, त्याच दिवशीच्या हवेत घेतो.

माइकसमोर

रंगमंचावर डायनॅमिक प्रकारचे, समोरून येणारा आवाज प्रामुख्याने टिपणारे माइक घ्यावेत. कंडेन्सर माइक अधिक नाजूक तपशील पकडतो, पण सभागृहात तो पंख्याचा, खुर्च्यांचा आवाजही पकडतो आणि लवकर शिट्टी मारतो. ध्वनिक्षेपक माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत; माइकच्या मागे ते कधीही ठेवू नयेत. दोन अभिनेत्यांच्या माइकमधील अंतर हे अभिनेता आणि त्याचा माइक यांतील अंतराच्या निदान तिप्पट असावे, नाहीतर एकच आवाज दोन माइकांत शिरून पोकळ ऐकू येतो.

अंतराची सवय तालमीतच लावावी, आणि त्यासाठी आपली जुनी मापे उत्तम आहेत. नेहमीच्या बोलण्यासाठी माइक एक वीत दूर असावा. कुजबुजीसाठी चार बोटांवर यावे. या प्रकारचे माइक इतक्या जवळून आवाजातला खर्ज वाढवतात, त्यामुळे पात्र थेट श्रोत्याच्या कानाशी बोलल्यासारखे वाटते. किंकाळीसाठी हातभर मागे सरून चेहरा बाजूला वळवावा. माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला, तिरका ठेवावा, कारण मराठीत फ, भ, ख, ठ यांसारखी महाप्राण व्यंजने भरपूर आहेत आणि ‘भ’ उच्चारताना सुटणारा हवेचा झोत थेट माइकवर आदळला की धाप्‌ असा आवाज येतो. भयश्रुतिकेत ‘भूत’, ‘भिंत’, ‘भास’ हे शब्द टळत नाहीत, म्हणून ते उच्चारताना मान किंचित वळवण्याचा सराव करावा.

खरी कुजबुज स्वरतंतूंच्या कंपनाशिवाय होते; तिने घसा थकतो आणि शब्दही पुसट होतात. त्याऐवजी अगदी हलका स्वर ठेवून व्यंजने स्पष्ट उच्चारावीत. किंकाळी प्रत्येक तालमीत पूर्ण ताकदीने देऊ नये. ती पोटातून यावी, आधी घसा मोकळा केलेला असावा, आणि ज्याच्याकडे किंकाळी आहे त्याच्याकडे लगेच पुढचे वाक्य नसेल अशी संहिता लिहावी.

संहितेची पाने सुटी, एका बाजूला छापलेली, १६ पॉइंट अक्षरांत आणि ठळक क्रमांक घातलेली असावीत. प्लॅस्टिकची फोल्डरे वापरू नयेत, त्यांची चुरचुर माइकमध्ये ठसठशीत येते. पान उलटायचे नाही. ते माइकपासून दूर, बाजूला सरकवायचे. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपत असेल, तर पुन्हा टंकलिखित करून ते एका पानावर आणावे.

तालमी आणि शांतता

पहिल्या दोन बैठका केवळ वाचनाच्या असाव्यात. त्यानंतर ध्वनीचे टेबल मांडून किमान सहा तालमी घ्याव्यात, आणि त्यांतील दोन पूर्ण अंधारात, फक्त वाचनाच्या छोट्या दिव्यांवर. दिग्दर्शकाने एखाद्या तालमीत डोळे मिटून, सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून ऐकावे. संहिता समोर असली की कान सगळे समजून घेतात. ती नसताना कोठे गोंधळ होतो हे लगेच कळते.

सर्वांत जास्त वेळ शांततेच्या तालमीला द्यावा. नवा अभिनेता शांततेला घाबरतो. तीन सेकंद झाले की आपण वाक्य विसरलो असे श्रोत्यांना वाटेल या धास्तीने तो पुढचे वाक्य बोलून टाकतो. म्हणून शांतता मोजूनच पाळावी. दिग्दर्शकाने किंवा ध्वनिसंकेत करणाऱ्याने बोटांनी अंक दाखवावेत आणि शेवटचे बोट मिटेपर्यंत कोणीही श्वाससुद्धा माइकमध्ये सोडू नये. तीन अंकांची शांतता श्रोत्याला सावध करते. सहा अंकांची शांतता त्याला स्वतःच्या आजूबाजूचे ऐकायला लावते, आणि त्या वेळी त्याला सभागृहातली खुर्ची करकरलेलीही गोष्टीचा भाग वाटते. एवढी मोठी शांतता पंचवीस मिनिटांत एकदाच वापरावी. अचानक होणाऱ्या मोठ्या आवाजाचेही तसेच आहे. एक पुरे, फार तर दोन, आणि त्यांची कमाल पातळी मिक्सरवर चिकटपट्टी लावून ठरवून ठेवावी, म्हणजे भरात कोणी फेडर, म्हणजे पातळीची सरकती कळ, वर ढकलणार नाही.

श्रोत्यांना काय दिसावे

आवाज कसे काढले जातात ते श्रोत्यांना दिसू द्यावे की नाही, यावर दोन मते आहेत. सूप, छत्री, घमेले पाहण्यात मोठी मौज आहे. पण वहाण वाकवणारे हात दिसले, तर भीती उरत नाही. आम्ही या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या, आणि पहिल्यांदा प्रयोग करणाऱ्याला मी हीच रचना सुचवीन. आजोबा हयात असतानाचा पहिला प्रसंग पूर्ण उजेडात करावा. श्रोते ध्वनीचे टेबल पाहतात, वहाण वाकवलेली पाहतात, थोडे हसतातही. नंतर प्रसंगागणिक उजेड कमी करत न्यावा आणि शेवटी टेबलही अंधारात जावे. रात्रीच्या प्रसंगात करकर आधी ध्वनिक्षेपकातून, म्हणजे समोरून येते. शेवटच्या सहा अंकांच्या शांततेनंतर मात्र ती माइकशिवाय, शेवटच्या रांगेमागून येते, कारण दुसरी वहाण घेतलेली व्यक्ती अंधार होताच तेथे जाऊन उभी राहिलेली असते. कानाला दिशा चटकन कळते. जो आवाज समोरच्या टेबलावर तयार होताना आपण डोळ्यांनी पाहिला, तो आपल्या पाठीमागे आला हे कळायला श्रोत्यांना क्षणभर लागतो, आणि त्या क्षणी सगळे सभागृह मागे वळल्याची सळसळ रंगमंचापर्यंत ऐकू येते.

मागच्या व्यक्तीचा मार्ग आधी मोकळा करून ठेवावा, पायांत मऊ मोजे असावेत आणि तिने कोणत्याही श्रोत्याला स्पर्श करू नये. कोणी दचकून हात झटकला किंवा उठून धावले, तर इजा होऊ शकते. बाहेर जाण्याच्या दारांवरचे दिवे कोणत्याही कारणाने बंद करू नयेत. प्रयोग भीतिदायक आहे, त्यात पूर्ण अंधार व अचानक मोठे आवाज आहेत, ही सूचना जाहिरातीत, दारावर आणि निवेदनात द्यावी, जेणेकरून हृदयविकार असलेल्यांना आणि लहान मुलांच्या पालकांना आधीच निर्णय घेता येईल.

प्रयोगाचा दिवस

सभागृह प्रयोगाच्या चार तास आधी ताब्यात घ्यावे आणि सर्वप्रथम रिकाम्या सभागृहात पाच मिनिटे गप्प बसून ऐकावे. पंखे, वातानुकूलन यंत्र, ट्यूबलाइटचा गुणगुणाट, शेजारच्या रस्त्याची वाहतूक या सगळ्याची नोंद करावी. पंखे बंद करता येत नसतील, तर प्रयोगाच्या आरंभापासून रातकिड्यांची पातळी त्यांच्यावर राहील इतकी ठेवावी आणि शांततेच्या जागी निदान पंख्यांचा वेग कमी करण्याची जबाबदारी एकावर सोपवावी. मुद्रित आवाज असलेला लॅपटॉप इंटरनेटपासून तोडावा, त्याच्या सूचनांचे आवाज बंद करावेत, आणि तेच आवाज विमान मोडमध्ये ठेवलेल्या एका फोनमध्येही तयार ठेवावेत. पातळी ठरवताना ध्यानात ठेवावे की, माणसांनी भरलेले सभागृह आवाज शोषून घेते. रिकाम्या सभागृहात योग्य वाटणारी कुजबुज प्रयोगात कमी पडते.

तिसऱ्या घंटेनंतर लगेच संवाद सुरू करू नये. उजेड स्थिर ठेवून अर्धा मिनिट केवळ रातकिडे ऐकवावेत. तेवढ्यात खोकले संपतात, खुर्च्या थांबतात आणि लोक ऐकण्याच्या तयारीत येतात.

प्रयोगात काही चुकले, तर थांबू नये व माफी मागू नये. एखादा ध्वनिसंकेत हुकला, तर अभिनेत्याने तो आला असे मानूनच पुढे जावे. आजीने ‘झोप तू’ हे वाक्य योग्य भीतीने म्हटले, तर श्रोता हुकलेली करकर मनात भरून घेतो. वीज गेली, तर माइकशिवाय पुढे होऊन बोलण्याची एक तालीम आधी केलेली असावी. कोणी श्रोता घाबरून हसला, तर त्याला वेळ द्यावा. ते हसू ओसरल्यावर येणारी शांतता आधीपेक्षा गडद असते.

शेवटचा आवाज संपल्यावर लगेच दिवे लावू नयेत. पाच अंक मोजावेत, मग उजेड हळूहळू वाढवावा आणि अभिनेत्यांनी हातांतली पाने खाली ठेवूनच अभिवादन करावे. त्यानंतर श्रोत्यांना ध्वनीच्या टेबलाजवळ बोलवावे, मुलांना सूप हलवू द्यावे, वहाण हातात घेऊ द्यावी. प्रयोगाचे ध्वनिमुद्रण त्याच रात्री ऐकू नये. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून, संहितेवर पेन्सिलने खुणा करत ऐकावे आणि प्रत्येक शांतता घड्याळाने मोजावी. आमच्या मुद्रणात सहा अंकांची ठरलेली शांतता चार सेकंदांचीच भरली होती. दुसऱ्या प्रयोगात ती आम्ही सात सेकंदांपर्यंत नेली.